बऱ्या झालेल्या मुलाचे आपण काय देणे लागतो?

'बरा झाला' हे दोन साधे शब्द आहेत. पण ज्या घरात दीर्घ आजारानंतर ते उच्चारले जातात, त्या घराला त्यांचे मोल ठाऊक असते. माणसे मोकळा श्वास घेतात, फेडायची मन्नत आठवते आणि उसन्या पैशांचा हिशोब पहिल्यांदाच मनात येतो. आजारपणात तो करायलाही लाज वाटत असते. या शब्दांबद्दल कुणी शंका घ्यावी असे कुणालाच वाटत नाही. तरीही ती घेतली पाहिजे, असे मला वाटते. कारण या शब्दांत एक गृहीत दडलेले आहे. माणूस एक तर आजारी असतो किंवा बरा असतो आणि एका तारखेला तो पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जातो, हे ते गृहीत. कर्करोगातून वाचलेल्या लहान मुलांच्या बाबतीत हे गृहीत जीवघेणे ठरू शकते.

समजा, मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराचा सात वर्षांचा मुलगा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईला नेले, अडीच वर्षे उपचार झाले. बापाने पाळ्या बुडवल्या, आईने अंगावरचे किडूकमिडूक विकले, काही निधी ट्रस्टकडून मिळाला, काही रमजानच्या खैरातीतून आला. शेवटची मात्रा झाली. डॉक्टर म्हणाले, "आता बरा आहे. दाखवायला मात्र येत राहा." घरी मिठाई वाटली गेली. औषधांची पिशवी कपाटावर गेली. तिच्यातली आठवड्यातून दोन-तीन दिवस द्यायची एक स्वस्त गोळीही बंद झाली, कारण बऱ्या मुलाला गोळ्या कशाला? दोन महिन्यांनी मुलाला ताप आला, कोरडा खोकला आला, जिना चढताना धाप लागू लागली. गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन झाले. ताप हटेना म्हणून छातीचा फोटो काढला. कुणी क्षयाची शंका घेतली. आठवडा गेला, दुसरा गेला. मुलाच्या फुप्फुसात एक बुरशी वाढत होती आणि ती बंद केलेली गोळी नेमकी तिच्यासाठीच होती.

हा मुलगा कल्पनेतला आहे, पण त्याच्या आजाराची वाट खरी आहे. या बुरशीचे नाव न्यूमोसिस्टिस. पुष्कळ वर्षे तिला परजीवी जंतू समजत, ती बुरशी असल्याचे १९८८मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळले. निरोगी माणसाला ती काही करत नाही. केमोथेरपी मात्र कर्करोगाच्या पेशी मारताना शरीराच्या संरक्षक पेशीही मारते. तिला आपले आणि परके कळत नाही, वेगाने वाढणारी प्रत्येक पेशी तिच्या तावडीत सापडते. उपचार थांबले म्हणजे संरक्षण त्याच दिवशी परत येते असे नाही. काही पांढऱ्या पेशी लवकर भरून येतात, काहींना कित्येक महिने लागतात. लहानपणी दिलेल्या लसींची आठवणही काही मुलांच्या शरीरातून पुसली जाते आणि त्या पुन्हा द्याव्या लागतात. म्हणूनच ती साधी गोळी उपचार संपल्यानंतरही काही महिने चालू ठेवायची असते.

बुरशी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात भिंतीवर येते, चामड्याच्या चपलेवर येते, शिळ्या भाकरीवर आणि लोणच्याच्या बरणीत येते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. जुनी इमारत पाडताना किंवा बांधकाम चालू असताना ते हवेत अधिकच उडतात. कँडिडा तर आपल्या तोंडात आणि आतड्यात राहते. तिच्याशी आपला जन्मभराचा शेजार असतो. शरीराचा पहारा जागा असतो तोवर या शेजाऱ्यांचे अस्तित्वही जाणवत नाही. पहारा उठला की तेच घरात शिरतात.

कधी कधी तर पहारा परत येतानाच घात उघड होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना कँडिडा यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसते. तेव्हा फारशी खूण दिसत नाही. पेशी वाढू लागतात, अहवाल सुधारतो, सगळे हसतात आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप चढलेला राहतो. तपासणीत यकृतावर डाग दिसतात. परतलेले सैन्य शत्रूशी लढते आहे आणि त्या लढाईची आग मुलाच्या अंगात पेटली आहे, असा हा प्रकार. पुढे महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांनाही असाच उशिराचा धोका असतो. पहिले काही आठवडे निभावले म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण दात्याच्या पेशी मुलाच्या शरीराशी झगडू लागल्या, ते शमवायला स्टेरॉइड द्यावी लागली की महिन्यांनंतरही ॲस्परजिलस फुप्फुसात मूळ धरू शकते.

आता प्रश्न असा की, हे जे नंतर येते त्याची जबाबदारी कुणाची?

पहिले उत्तर तयारच असते: नशीब. आपल्या घरांत त्याला तकदीर म्हणतात, अल्लाहची मर्जी म्हणतात. दुःखात हा शब्द आधार देतो, तो कुणाकडून हिरावून घ्यावा असे मला वाटत नाही. पण सब्र जे टाळता येत नाही त्यासाठी असतो. जे आधी दिसत होते आणि एका गोळीने वा एका फोनने टळू शकत होते, त्याला तकदीर म्हणणे म्हणजे माणसाच्या हातचे काम देवाच्या खात्यावर टाकणे होय. यात श्रद्धा कमी आणि सोय जास्त आहे.

दुसरे उत्तर अधिक विचारी आहे. नीतिशास्त्रात हेतू आणि परिणाम यांत भेद केला जातो. थॉमस अ‍ॅक्विनासपर्यंत मागे जाणारी ही मांडणी अशी, की चांगले काम करताना एखादा वाईट परिणाम होणार हे ठाऊक असले, पण तो आपला हेतू नसला, तर ते काम निंद्य ठरत नाही. डॉक्टरांचा हेतू कर्करोग मारण्याचा होता. मुलाची प्रतिकारशक्ती ढासळेल हे ठाऊक होते, पण ते कुणाला हवे नव्हते. म्हणून डॉक्टर दोषी नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाच्या औषधाने ल्युकेमिया काही काळ मागे हटतो हे दाखवले. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ते औषध तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख भारतातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याआधी हे निदान म्हणजे मुलाच्या मृत्यूची मुदत असे. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. अशा उपचाराला दोष देणे हा करंटेपणा होईल.

पण दोष नसणे आणि देणे नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आग विझवायला आलेल्या माणसाने दार फोडले तर त्याला कुणी चोर म्हणत नाही. तरी आग विझल्यावर त्या उघड्या घरावर रात्रभर कुणीतरी लक्ष ठेवावे, हे गावालाही कळते. दार आपणच फोडले आहे. शिवाय ज्याच्या घराचे दार फोडले, त्या मुलाने संमती दिलेली नव्हती. त्याच्या वतीने आईबापांनी सही केली आणि ती करताना दुसरा कोणताही पर्याय त्यांच्यापुढे नव्हता. अशा सहीने उपचाराला परवानगी मिळते. पुढच्या जबाबदारीतून कुणाची सुटका होत नाही.

मग ही गोष्ट आपल्या विचारातून निसटते कशी? मला वाटते, ती निसटते कारण आपण मधली अवस्था विसरलो आहोत. आपल्या पूर्वजांना ती माहीत होती. ग्रीक वैद्य गॅलेन याने शरीराच्या तीन अवस्था सांगितल्या: आरोग्य, रोग आणि या दोन्हींपैकी कोणतीच नसलेली तिसरी. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपाने एक पुस्तक लिहिले, त्यात ही तिसरी अवस्था आली. वृद्ध आणि नुकतेच आजारातून उठलेले लोक ही तिची नेहमीची उदाहरणे. पुढे इब्न सिना यांनी 'अल्-कानून'मध्ये ही त्रिविध विभागणी आवश्यक नाही, असे मत मांडले. आरोग्य नाही म्हणजे रोग, एवढे पुरे. हा वाद युरोपच्या विद्यापीठांतही शतकानुशतके चालला. तर्काच्या अंगाने इब्न सिना यांचे म्हणणे नेटके आहे. पण मालेगावच्या त्या मुलाकडे पाहिले की हुनैन यांची तिसरी अवस्थाच खरी वाटते.

आपल्या बोलीने ही अवस्था जपून ठेवली आहे. उर्दूत आजार गेल्यानंतर अंगात राहिलेल्या अशक्तपणाला 'नकाहत' म्हणतात. मराठीत 'दुखण्यातून उठलेले माणूस' म्हणतात. असे माणूस आजारी नसते आणि ठणठणीतही नसते. मुदतीच्या तापातून उठलेल्या पोराला आजी कित्येक दिवस मऊ भात भरवायची, उन्हात जाऊ द्यायची नाही, कुणी 'बरा झालाय की आता' म्हटले तर त्याला गप्प करायची. परहेज म्हणा, पथ्य म्हणा, ते आजार गेल्यानंतरही चालत असे. तिला पांढऱ्या पेशी माहीत नव्हत्या. पण उठणे आणि चालणे यांत अंतर असते हे तिला कळत होते. आज रुग्णालयाच्या कागदावर 'उपचार चालू' आणि 'उपचार पूर्ण' अशी दोन घरे असतात. दुखण्यातून उठलेल्या मुलासाठी तिसरे घर नसते. ज्याला कागदावर घर नसते त्याला योजनेत पैसाही नसतो. मदत शस्त्रक्रियेला मिळते, केमोला मिळते, रेडिएशनला मिळते. तीन महिन्यांनी तपासणीसाठी मुंबईला जायच्या भाड्याला ती सहसा मिळत नाही.

या विसरण्याची किंमत २०२१ साली आपण सर्वांनी पाहिली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडने अनेकांचे प्राण वाचले. पण साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या पुष्कळ माणसांना त्या आजारात किंवा त्यातून सावरत असताना म्युकरमायकोसिस झाला. जून अखेरपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. ॲम्फोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. 'निगेटिव्ह आला' म्हणजे बरा झाला नव्हे, हे त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना फार महागात पडून कळले. कर्करोगातून उठलेली मुले आणि त्यांचे आईबाप मात्र हे त्याच्या कितीतरी आधीपासून सोसत आले आहेत. त्यांची संख्या थोडी, म्हणून त्याची बातमी झाली नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ती कृतज्ञतेबद्दल आहे. ज्याचे मूल मरणाच्या दारातून परत आले, तो बाप पुन्हा तक्रार घेऊन जायला कचरतो. "एवढे केले त्यांनी, आता साध्या तापासाठी कुठे त्रास द्यायचा?" आई म्हणते, "शुक्र मानायचा सोडून रडगाणे कसले गायचे?" शुक्र ही माणसाची फार सुंदर वृत्ती आहे. पण गरिबाच्या तोंडी ती बरेचदा भीतीचे रूप घेते. ज्याला उपचार हक्काने मिळाले, तो पुन्हा सरळ दार ठोठावतो. ज्याला ते मेहेरबानी म्हणून मिळाले, तो दार ठोठावण्याआधी दहा वेळा विचार करतो. त्या दहा विचारांत चार दिवस जातात. बुरशीच्या आजारात चार दिवस पुष्कळ असतात. म्हणून दान देणाऱ्यांनी, ट्रस्ट चालवणाऱ्यांनी आणि आपल्यासारख्या रमजानात हात सैल सोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आपली मदत घेणाऱ्याची जीभ बांधत असेल, तर त्या मदतीत काहीतरी उणे राहिले आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा की, हे सगळे आईबापांना सांगून त्यांचा आनंद का हिरावायचा? उपचार पूर्ण झालेल्या बहुतेक मुलांना असे काही होत नाही. एकाला होईल म्हणून शंभरांना घाबरवायचे का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. धास्तावलेली आई मुलाला चार-चार वर्षे घरात कोंडून ठेवते, मातीत खेळू देत नाही, शाळेत पाठवत नाही. रोगाने न केलेले नुकसान भीती करते. वाचलेल्या मुलाला बालपणही परत मिळाले पाहिजे, नाही तर वाचवले कशासाठी? पण यावर उपाय गप्प राहणे हा नव्हे. भीतीला मर्यादा नसते, माहितीला असते. 'जपा' एवढेच सांगितले की भीती तयार होते. 'अमुक गोळी अमुक महिन्यापर्यंत द्या, ताप आला तर त्याच दिवशी या क्रमांकावर फोन करा, गावच्या डॉक्टरांना हा कागद आधी दाखवा' एवढे सांगितले की आई निश्चिंतपणे मुलाला अंगणात सोडू शकते. कशाला घाबरायचे हे कळले, म्हणजे बाकी कशाला घाबरायचे नाही हेही कळते.

हा कागद पुढे त्या मुलाचाही असतो. आपल्याकडे मुलाला मोठेपणीही त्याचा आजार सांगत नाहीत. मुलगी असेल तर तिची फाइलच नाहीशी केली जाते, रिश्ता जुळायला अडचण नको म्हणून. घरच्यांची काळजी समजू शकते. पण आपल्या शरीरात काय घडले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला विसाव्या वर्षी डॉक्टरांपुढे बसून नेमके सांगता येत नाही. लहानपणी त्याच्या वतीने आपण सही केली. मोठेपणी तो कागद त्याच्या हाती देणे हे आपले काम आहे. ती अमानत आहे आणि अमानत लपवायची नसते, परत करायची असते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक कठोर आहे. बुरशीवरची औषधे महाग असतात. साध्या ॲम्फोटेरिसिनने थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडाला इजा होते. त्याचे चरबीच्या सूक्ष्म कणांत घातलेले रूप सुसह्य आहे, पण त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची. एका मुलाच्या बुरशीवर महिनोन्‌महिने खर्च करायचा, की त्याच पैशात दारात उभ्या असलेल्या दोन-तीन नव्या मुलांचे उपचार सुरू करायचे? रुग्णालयातले समाजसेवक या प्रश्नापुढे खरोखर उभे असतात. त्यांना दूर बसून उपदेश करणे सोपे आहे. तरीही मला वाटते, प्रश्न असा मांडण्यातच चूक आहे. जुन्या मुलाचा खर्च हा नव्याने मागितलेला उपकार नाही, तो आधीच हाती घेतलेल्या कामाचा उरलेला भाग आहे. अर्धा पूल बांधून उरलेल्या पैशात दुसऱ्या नदीवर अर्धा पूल बांधला, तर दोन पूल होत नाहीत. नवे मूल दाखल करतानाच त्याच्या नंतरच्या दोन वर्षांचा हिशोब मांडला पाहिजे. मग कदाचित संख्या थोडी कमी दिसेल, पण ती खरी असेल.

आणि बरेचसे काम महाग नाहीच. ती प्रतिबंधक गोळी स्वस्त आहे. कागद स्वस्त आहे. फोन स्वस्त आहे. रेल्वेचे भाडे एका कुपीच्या तुलनेत काहीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग १९९१मध्येच सुरू झाला, म्हणजे ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. महाग औषधही सुसह्य किमतीत आणण्याचे प्रयत्न इथे झाले आहेत. ॲम्फोटेरिसिनचे एक भारतीय लायपोसोमल रूप दिल्ली विद्यापीठातले डॉ. बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या संशोधनातून उभे राहिले. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली, तिच्यात १९ नावे आहेत. म्हणजे ज्ञान आहे आणि अनुभवही आहे. ते मुंबईहून निघून त्या मुलाच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेले नाही.

ते पोहोचवायचे तर एका सवयीला हात घालावा लागेल. वाचवण्याचे आपल्याला वेड आहे. शस्त्रक्रियेची बातमी होते, शेवटच्या केमोला घंटा वाजते, फोटो निघतो. सांभाळण्याचा फोटो निघत नाही. तारखेला गोळी देणे, फोन उचलणे, तिकीट काढून देणे यात पराक्रम नसतो. घरात बाळंतिणीची आणि म्हाताऱ्यांची उस्तवार करणाऱ्या बायकांना हे चांगले ठाऊक आहे. त्यांच्या कामाचीही कुणी नोंद ठेवत नाही आणि ते थांबले की मात्र घर कोसळते.

बऱ्या झालेल्या मुलाचे आपण काय देणे लागतो, याचे माझे उत्तर म्हणूनच लहान आहे. त्याच्या नकाहतीचे दिवस आपण आपले मानावेत. ज्याने त्याची भिंत पाडली, ज्याने त्यासाठी पैसे दिले, ज्याने त्याच्या बापाला 'शुक्र मान' म्हणून सांगितले, त्या सगळ्यांनी भिंत पुन्हा उभी राहीपर्यंत पाळी-पाळीने जागावे. मुलाला पुन्हा ताप आला आणि बापाने न संकोचता फोन उचलला, तर समजावे की आपण त्या मुलाला खरोखर बरे करू लागलो आहोत.